द्वारकामावशीची सावली

द्वारकामावशी आयुष्यात कधी 'चालेल' म्हणाली नव्हती. भाजीवाल्यानं जुडीत पिवळी पानं दडवली, कंडक्टरनं थांब्याच्या दहा पावलं पुढे नेऊन उतरवलं, व्याह्यांनी पंगतीला आधी आपली माणसं बसवली, तिला यातलं काहीच कधी चाललं नाही. त्यामुळे विद्यापीठातल्या आमच्या केंद्राच्या गारढोण सभागृहात, चाळीस पाहुण्यांसमोर, तिचा तो खणखणीत आवाज "चालेल की. सगळ्यांचं होईल तसं आपलं होईल," असं म्हणाला, तेव्हा माझ्या हातातला पुष्पगुच्छ खाली पडला.

कुणाचं लक्ष गेलं नाही. पाहुणे टाळ्या वाजवत होते.

मावशी तिथे नव्हतीच. ती शंभर किलोमीटर लांब, आमच्या गावी कुंभारझरीत होती, बहुधा कुणाशी तरी भांडत. सभागृहात बोलली ती तिची छाया. कागदोपत्री 'नागरिक-छाया'; आमच्या गावच्या बाया सरळ सावली म्हणतात. पडद्यावर मावशीचं नाव होतं, वय बाहत्तर, आणि खाली प्रश्न: गावच्या उपकेंद्रातली बाळंतपणाची खोली बंद करून ती सोय तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयात केली, तर तुमचं काय म्हणणं?

चालेल की.

ती खोली मावशीनंच आणली होती. बावीस वर्षांपूर्वी सुनेला दिवस गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात ती जाऊन जिल्हा परिषदेच्या पायरीवर बसली. सहा दिवस. सातव्या दिवशी साहेब मागच्या दारानं जायला लागले, तर हिनं बसायची जागा बदलली. खोली झाली, नर्स आली, आणि तिथे पहिलं लेकरू जन्मलं ते मावशीची नात, आरोही.

आणि 'सगळ्यांचं होईल तसं आपलं होईल' हे वाक्य मावशीचं नव्हतंच. ते माझं. टँकरच्या रांगेत, रेशनच्या रांगेत, भावजयीनं ताटातली दुसरी पोळी उचलली तेव्हा, मी हेच म्हणत आलेय. माझ्या तोंडचं वाक्य मावशीच्या आवाजात ऐकताना मला कुणीतरी माझंच लुगडं नेसून समोर उभं राहिल्यासारखं वाटलं.

*

हे कसं झालं ते सांगते.

नवऱ्यानं सोडलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. माहेरी आले. आई नव्हती. भाऊ म्हणाला, ओसरीवर राहा. मी म्हणाले, चालेल. द्वारकामावशी आईची मैत्रीण. आई गेल्यापासून आमच्या घरातलं भांडायचं काम तिनं आपणहून स्वतःकडे घेतलं होतं. ती भावाच्या दारात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हिला चालत असंल, मला चालत नाही! पोरीला आतून कडी असलेली खोली दे!" मला खोली मिळाली. माझ्या वतीनं कुणी 'नाही' म्हटल्याची माझी ती एकच आठवण. त्या खोलीत मी राहिलेलं बारावीचं वर्ष पुरं केलं, मोबाइलवर संगणकाचं जमेल तेवढं शिकले, आणि चार वर्षांपूर्वी केंद्राला गावोगाव प्रश्नावली भरून घेणारी बाई हवी होती, तिथे लागले.

केंद्र चालवतात डॉ. किन्हीकर मॅडम. मोठी बाई. स्वतःचा डबा स्वतः धुते. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना सोप्या शब्दांत समजावलं होतं. माणसाला दोनशे बारा प्रश्न विचारायचे. मोठे नाहीत, रोजचेच. शेजारच्या घरी टीव्ही मोठ्यानं लागला तर? एसटीत तुमच्या जागेवर कुणी बसलं तर? भाजी खारट झाली तर? प्रत्येकाला पाच उत्तरं: अजिबात चालणार नाही, चालणार नाही, सांगता येत नाही, चालेल, नक्की चालेल. खाली एक मोकळी ओळ, 'का' ते स्वतःच्या शब्दांत. त्या उत्तरांवरून यंत्र एका भल्यामोठ्या नकाशावर त्या माणसाचा ठिपका मांडतं. सारख्या स्वभावाचे ठिपके जवळजवळ, वेगळे लांब. मग कधीच न विचारलेला प्रश्न आला, तरी त्या ठिपक्याच्या आसपासची माणसं काय म्हणाली होती आणि हा माणूस कसा बोलतो, हे ताडून यंत्र त्याचं उत्तर काढतं. ते त्याच्याच आवाजात ऐकवतं, म्हणून दोन मिनिटांचा आवाजही घ्यायचा.

"म्हणजे शिवकन्याताई," मॅडम म्हणाल्या होत्या, "खारट भाजीवरून माणूस धरणाबद्दल काय म्हणेल ते सांगता येतं."

"आमच्याकडे हे काम सुना करतात मॅडम, सासूच्या बाबतीत. यंत्राशिवाय."

त्या खूप हसल्या. म्हणाल्या, अगदी तेच.

हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणेन. ग्रामसभा भरत नव्हत्या. महिलांची ग्रामसभा तर आमच्याकडे कधीच भरली नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा, बाया पिठाच्या हातानं सह्या करायच्या, आणि कागदावर शंभर बायकांची सभा खेळीमेळीत पार पडायची. मॅडमना वाटलं, निदान सावली तरी खरं बोलेल. पुढे सरकारनं नियमच केला: सभेला माणसं जमली नाहीत, तर सावल्यांची सभा ग्राह्य.

मी टॅब घेऊन कुंभारझरीत गेले ते नेमकं कापूस वेचणीत. बाया सकाळी सातला शेतात जायच्या, दिवे लागताना परतायच्या. दोनशे बारा प्रश्न म्हणजे दीड तास. पहिल्या दिवशी एकीच्या चुलीवरची भाकरी करपली आणि सासूनं दोघींना शिव्या घातल्या. मग बायाच म्हणायला लागल्या, "शिवकन्या, तूच लिही गं. तुला काय माझं माहीत नाही का?" रजिस्टरवर सह्या देणाऱ्या गावाला यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. दोन मिनिटांचा आवाज तेवढा प्रत्येकीचा घेतला. मावशीनं ती दोन मिनिटं शेजारच्या बकरीला शिव्या देण्यात घालवली. उरलेलं मी माझ्या खोलीत, आतून कडी लावून, एकेकीला डोळ्यांसमोर आणून भरलं. शेवटी एक चौकट असायची, 'उत्तरे संबंधित व्यक्तीने स्वतः दिली आहेत'. तिच्यावर मी तीनशे अठरा वेळा बरोबरची खूण केली.

मावशीचं भरताना मात्र मी थांबले होते. खरं लिहावं तर सगळीकडे 'अजिबात चालणार नाही'. सरकारदरबारी तिचं नाव भांडकुदळ म्हणून कायमचं जाणार. स्थळ आलं की आपण मुलीबद्दल कसं सांगतो? जरा रागीट असली तर 'मनानं मोकळी आहे' म्हणतो. तसंच मी केलं. जिच्यावर माया, तिला जरा गोड करून लिहिलं. आणि गोड माणूस कसं असतं हे मला एकाच माणसावरून माहीत होतं.

वर्षभरानं मॅडमनी तो नकाशा दाखवला. बाकी गावांचे ठिपके रांगोळी सांडल्यासारखे विखुरलेले. कुंभारझरीच्या तीनशे अठरा बायका मात्र एकाच जागी, शाईचा एकच थेंब पडल्यासारख्या. "इतकी एकजूट मी कुठे पाहिली नाही," त्या म्हणाल्या. त्यावर त्यांनी निबंध लिहिला, बाहेरच्या देशात त्याला बक्षीस मिळालं. येताना त्यांनी माझ्यासाठी उबदार शाल आणली.

तो थेंब म्हणजे मी होते. शाल मी अजून पांघरते.

*

पाहुणे गेल्यावर मी मॅडमना गाठलं.

"तो प्रश्न नुसता दाखवायला होता ना मॅडम?"

"नाही हो, खराच आहे. जिल्ह्याकडून आलाय. महिन्याला दोनच बाळंतपणं होतात म्हणे तिथे, नर्स दुसरीकडे हवीय. तीनशे अठरापैकी तीनशे दोन सावल्या 'चालेल' म्हणतायत. बायकांचाच विरोध नाही, तर मी काय बोलणार?" मग माझ्याकडे बघून, "का? काही वेगळं ऐकलंय का तुम्ही?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तिथे, त्या जिन्याजवळ. मी म्हणाले, "नाही मॅडम. सहज."

रविवारी गावी गेले. मावशी अंगणात मेथी निवडत होती आणि शेजारणीशी बकरीवरून बोलत होती. बोलत होती म्हणजे काय ते समजून घ्या. पलंगावर आरोही बसलेली, सातवा महिना, पहिलटकरीण. बाळंतपणाला आजीकडे आली होती.

"आली बघ विद्यापीठाची बाई," मावशी म्हणाली. "तोंड का असं? तिथं जेवायला घालतात का नुसतं लिहायलाच लावतात?"

"मावशी, तालुक्याला येतेस का उद्या माझ्यासोबत? तुझी सावली दुरुस्त करू. एकच तास लागंल."

"माझं तोंड शाबूत असताना सावली कशाला दुरुस्त करू? ज्याला विचारायचं त्यानं दारात यावं, विचारावं."

"ते आता दारात येत नाहीत ना."

"मग मी जाते त्यांच्या दारात. पायऱ्या ठाऊक आहेत मला."

आरोही खुदकन हसली. "आजी, तू बस मेथी निवडत. शिवकन्यामावशी, हिला सांग ना, मला रोज त्या खोलीपाशी नेऊन दाखवती. देवळासारखी. म्हणती, इथं तू झालीस, इथंच तुझं होणार."

"मग? पठाण सिस्टर हाय, गरम पाणी हाय, हाकेवर घर हाय." मावशीनं देठं बाजूला सारली. "त्या खोलीत झालेल्या सगळ्या लेकरांची नावं सांगू का? चारशे एकाहत्तर. डोकं बघ माझं. गोदाआक्का माझी सख्खी बहीण, साठीत पोरांना ओळखीना, खाटेला बांधावं लागलं. मला देवानं दुसरं काही दिलं नाही, पण डोकं दिलं."

आणि ती खरंच नावं सांगायला लागली. मी पन्नासेक ऐकली. प्रत्येक नावाबरोबर सांगते-सांगते असं मनात येत होतं, आणि प्रत्येक नाव माझ्या आधी पुढे निघून जात होतं. मग चहा झाला. मग एसटीची वेळ झाली. भित्रं माणूस नेहमी एसटीच्या वेळेवर सुटतं.

*

दीड महिन्यानं, खोली एक तारखेला बंद होणार, अशी नोटीस लागली. मावशीनं पदर खोचला आणि ग्रामपंचायतीसमोर ठाण मांडलं. सकाळी अकराला तालुक्याहून साहेब आले. तरुण, नम्र, बोलताना हात जोडणारा माणूस. त्याच्याबरोबर, गावची माहितगार म्हणून, टॅब घेऊन मी.

हॉल भरलेला होता. कुंभारझरीची सभा माझ्या आठवणीत पहिल्यांदाच खरी भरली होती, निर्णय झाल्यानंतर.

"कोणाला विचारून बंद करायलात तुम्ही?" मावशीनं सुरुवात केली. "नाव सांगा त्याचं!"

"मावशी, तुम्हालाच विचारून," साहेब म्हणाले.

"मला? मला कोणाचा बाप आला होता विचारायला?"

हॉलमध्ये हशा. साहेबही हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, ऐकवा ना."

मी म्हणाले, "साहेब, ते जरा..."

"ऐकवा. त्यांचा हक्क आहे तो."

मी बोट ठेवलं. मावशीच्या आवाजात, तिच्या त्या शब्द तोडून टाकायच्या ढबीत, हॉलभर ऐकू गेलं: "चालेल की. आता कुठं गावात बाळंतपणं होतात? तालुक्याला मोठा दवाखाना हाय. सगळ्यांचं होईल तसं आपलं होईल."

मावशी टॅबकडे बघत राहिली, मग आपल्या हातांकडे.

"हे मी कधी बोलले?"

"मावशी," साहेब खरोखर मायेनं म्हणाले, "होतं असं. वयानं विसरायला होतं. माझ्या आजीचंही होतं."

मागून कुणीतरी बोललं, "म्हातारीनंच हो म्हणलं आणि म्हातारीच भांडायली." दुसरं कुणीतरी हसलं. दाराशी उभी असलेली आरोही पोटावर हात ठेवून म्हणाली, "आजी, तू असं कामून म्हणलीस गं?"

साहेबानं नाही, गावानंही नाही, त्या एका वाक्यानं मावशीला खाली बसवलं. तिनं खोचलेला पदर सोडला, नीट डोक्यावर घेतला आणि कुणाकडे न बघता घरी गेली. त्या दिवशी शेजारची बकरी तिच्या अंगणातली सगळी मेथी खाऊन गेली.

*

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बसा म्हणाल्या, बसले नाही. करपलेल्या भाकरीपासून शालीपर्यंत सगळं.

मग त्यांनी नकाशा उघडला. तो शाईचा थेंब मोठा करत करत पडदाभर केला, तरी ठिपके सुटे होईनात.

"म्हणजे या सगळ्या तुम्ही."

"हो मॅडम."

"आणि तुमची स्वतःची सावली?"

"कर्मचाऱ्यांची भरायची नाही, असा नियम होता."

त्यांनी हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "माझा निबंध मी आजच मागे घेते. ते सोपं आहे. पण खोली थांबवायची तर तुमचा जबाब उपयोगाचा नाही, शिवकन्याताई. सावली खोटी आहे हे म्हणायचा अधिकार फक्त त्या व्यक्तीचा. नवऱ्यानं, सासऱ्यानं, सरपंचानं, कुणा तिसऱ्यानं येऊन बाईची सावली खोटी ठरवू नये, म्हणून तो नियम मीच आग्रहानं घालायला लावला होता." त्यांनी चष्मा काढला. "पण गावातल्या एका जरी बाईनं समोरासमोर सावलीच्या उलट उत्तर दिलं, तर सगळ्या गावाची पडताळणी नव्यानं करावी लागते. तोवर निर्णय थांबतो. मला एक 'नाही' आणून द्या. एकच. तुमच्यावर जी कारवाई व्हायची ती होईल, माझ्यावरही होईल. आधी ते आणा."

तीनशे अठरा बायकांत एक 'नाही'. मला वाटलं, दुपारपर्यंत आणीन.

पाच दिवस फिरले. पहिलीनं विचारलं, "माझ्या सावलीनं काय म्हणलंय?" मी सांगितलं. "मग तेच लिही की." दुसरी म्हणाली, "उलटं सांगितलं की गॅस अडकतो बाई, आता सगळं सावलीला जोडलंय. माझ्या जावेनं मागं एकदा सांगितलं, तर 'जुळत नाही' असं आलं आणि सहा महिने पोषण आहार बंद." सावल्या आता मोबाइलवरही असायच्या; तिसरीनं तो काढून आधी सावलीला विचारलं, ऐकलं, आणि मान डोलावली. "बरोबर बोलती. असंच वाटतं मला." मी म्हणाले, अगं, ते मी लिहिलेलं आहे, तुला काय वाटतं ते सांग. ती माझ्याकडे बघून गोंधळली. बऱ्याच दिवसांत सगळे तिच्या सावलीलाच विचारत आले होते, तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, आणि सावली इतकं नीट बोलायची की तिची बोलायची सवयच मोडली होती. सावलीला चार वर्षांपूर्वी त्या बायकांचं काही माहीत नव्हतं. आता दहापैकी नऊ प्रश्नांना त्या तिच्यासारखंच उत्तर द्यायच्या. केंद्राच्या भाषेत, अचूकता वाढली होती.

पाचव्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. सकाळीच. एकच घर उरलं होतं, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. जगात कुणाच्या गॅसला, कुणाच्या साहेबाला, कुणाच्या बापाला न भिणारी एक बाई मला माहीत होती.

"मॅडम, तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा," मी म्हणाले. "मला आधी माझं बोलू द्या."

*

मावशी उंबऱ्याशी बसून आरोहीचं गाठोडं बांधत होती. लुगड्याचे मऊ तुकडे, ओवा, बाळंतविडा. तालुक्याचं रुग्णालय एकेचाळीस किलोमीटर, मध्ये घाट. तिथे चुलत जावेच्या भाच्याची एक खोली होती, तिथे आरोहीला पंधरा दिवस आधीच, आजच गाडी करून, नेऊन ठेवायचं ठरलं होतं.

मी खाली बसले, तिचे हात धरले आणि सांगितलं. की ते तू बोलली नाहीस. मी लिहिलं. आवाज फक्त तुझा. बकरीला शिव्या दिल्यास ना, तो. तुझं डोकं शाबूत आहे मावशी, तू काही विसरली नाहीस, खोटं माझं आहे. बाहेर मॅडम उभ्या आहेत. त्यांना फक्त 'नाही' म्हण, खोली थांबते.

मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. चार वर्षं मी त्याच थोबाडीची वाट बघत होते बहुतेक.

मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"येडी," ती म्हणाली. "माझी लाज राखायला आलीस."

"मावशी, खरं सांगते..."

"तू लहानपणापासून अशीच. भावजयीनं दूध सांडलं तर म्हणायचीस, मी सांडलं. नवऱ्यानं टाकलं तर म्हणायचीस, माझंच चुकलं असंल. कोणाचं बी खापर स्वतःच्या डोक्यावर. तुझ्या आईला यायचा राग, मला येती कीव."

"या वेळी खरंच माझं आहे गं!"

"माझा आवाज मी ओळखत नाही का?" तिनं गाठोड्याची गाठ करकचून मारली. "दहा रात्री विचार केला. आठवत नाही. पण बोलले असंन. कोणत्या तरी दिवशी, कंटाळून, म्हणलं असंन चालेल. माणूस हाय मी बी. आता मॅडमसमोर जाऊन 'नाही' म्हणू? मग ते 'हो' कोणी म्हणलं? म्हणजे गोदाआक्कासारखी झाले मी, आज एक बोलते, उद्या विसरते. खाटेला बांधायची म्हातारी. आरोहीच्या सासरी कळलं तर?"

"आरोहीसाठीच म्हणते मी. घाट आहे मावशी. पहिलटकरीण आहे."

तिचे डोळे एकदा आतल्या खोलीकडे गेले. तिथे आरोही झोपली होती, तिच्या श्वासाचा आवाज येत होता. एक क्षणभर मावशीच्या कपाळावर ती जुनी आठी उठली, साहेबांना मागच्या दारानं पळायला लावणारी.

मग आठी गेली. मावशी उठली, पदर खोचला, ताठ उभी राहिली. बहात्तराव्या वर्षी तिचा कणा माझ्यापेक्षा सरळ होता.

"बोलव तुझ्या मॅडमला."

मॅडम आत आल्या. चप्पल बाहेर काढून, जमिनीवर बसल्या. त्यांनी नमस्कार केला आणि प्रश्न वाचला, अक्षर न अक्षर, मोबाइल नाही, सावली नाही, मध्ये काही नाही. "तुमचं काय म्हणणं आहे, द्वारकाबाई? अगदी मनातलं सांगा. 'नाही' म्हणालात तरी कुणी काही करणार नाही."

"मी कोणाला भेत नाही," मावशी म्हणाली. "भेत असते तर ती खोली झालीच नसती. आणि द्वारकाबाई एकदा बोललेला शब्द मागं घेत नाही. हे जिल्हा परिषदेत विचारा." ती एका दमात, खणखणीत बोलली, जशी भांडताना बोलते. "चालेल. सगळ्यांचं होईल तसं आपलं होईल."

ते वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी टॅबकडे. बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मावशी आत गेली, आरोहीला हलवून उठवायला लागली, "ऊठ माय, ऊठ, ऊन व्हायच्या आत घाट ओलांडायचा हाय."

टॅबवर शेवटची चौकट थांबली होती. 'उत्तर संबंधित व्यक्तीने स्वतः दिले आहे.'

मी बरोबरची खूण केली. या वेळी ते खरं होतं.